उपाशी समुद्रासाठी पूर्णेची राख

अमरावती

समुद्रकाठच्या माणसानं एप्रिलात वऱ्हाडात जाऊ नये, असं मला झाडून सगळ्यांनी सांगितलं. काहींनी खिशात कांदा ठेव म्हणून सल्ला दिला. मी कांदा ठेवला, पण जायचं सोडलं नाही. मला राख हवी होती, आणि ती उन्हाळ्यातच मिळण्यासारखी होती. पूर्णा नदीला एकदा पाणी चढलं की दरडीजवळ कुणाला जाता येत नाही.

ही राख चुलीतली नव्हे. हजारो वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर एक प्रचंड ज्वालामुखी फुटला. त्याची राख वाऱ्यावर समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि जिथं तिथं पडली. बरीचशी पावसानं धुऊन नेली, पण काही नद्यांच्या गाळात ती थरच्या थर गाडली गेली. पूर्णेच्या काठी, अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या शिवेवर, असा एक थर दरडीत उघडा पडलेला आहे, असं मला एका भूगर्भवाल्या मित्रानं सांगितलं होतं. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींच्या मागे असते. घरात याला ‘आईचं शेवाळ’ म्हणतात. ताजी ज्वालामुखीची राख समुद्रात पडली की या वनस्पती एकदम फोफावतात, कारण राखेत त्यांना हवं ते लोह असतं. जुनी, जमिनीत मुरलेली राख अजून तेवढीच कामाची आहे का, हे मला काचेच्या चंबूत बघायचं होतं. त्यासाठी दोन पोती आणायला मी एवढ्या लांब निघाले होते.

दरड दाखवणारा माणूस मित्रानंच गाठून दिला. यूसुफभाई, साठीचे, इतवाऱ्याच्या बाजारात कल्हईचं दुकान. तांब्यापितळेची भांडी कल्हईच्या आधी घासायला ते पिढ्यान्‌पिढ्या हीच नदीची पांढरी राख वापरत आले. दुकानात डब्याडब्यांतून ती भरून ठेवलेली होती. मी चिमूट घेऊन बोटांत चोळली. पिठापेक्षा मऊ, पण दातांखाली धरली तर करकरणारी. सूक्ष्मदर्शकाखाली ती निव्वळ काच दिसते, वाकडेतिकडे तुकडे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात वऱ्हाडाचं नाव दिसलं की पुढं काय असणार ते न वाचताच कळायचं. यूसुफभाईंच्या दुकानात ते वेगळ्या वाटेनं आलेलं होतं. कल्हईला भांडी येत नव्हती, मोडीत येत होती. लेकीच्या लग्नातली घागर घेऊन माणूस येतो आणि कल्हई करा म्हणत नाही, वजन करा म्हणतो, असं ते सांगत होते. मग त्यांनी विषय बदलला आणि मला आलूबोंडा खाऊ घातला, वर तळलेल्या मिरच्या. आमच्याकडे मिरची तोंडी लावतात, इथं बोंडा तोंडी लावतात, असं मला वाटलं. डोळ्यांतून पाणी काढत मी चहा मागितला तेव्हा ते खूश झाले.

निघताना मात्र त्यांनी एक गोष्ट बजावली. "मॅडम, जगा मी दाखवतो. खोदून बी देतो. पन अंदर किसीका नाम नको घेऊ. तिथं नाव घेतलं का थे तिथंच राह्यते."

मी हो म्हटलं. असल्या उन्हात माणसानं कशालाही हो म्हणावं.

खारपाणपट्टा

दर्यापूर सोडलं की झाडं कमी होतात आणि मग बाभळीशिवाय काही उरत नाही. काळी जमीन, तिला पडलेल्या भेगा, आणि मध्येच पांढरट डाग, जणू कुणी तिथं मीठ वाळत घातलं होतं आणि उचलायचं विसरलं. ते खरंच मीठ असतं. या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी खारं आहे. जीप थांबवून मी एका विहिरीचं पाणी तळहातावर घेऊन जिभेला लावलं. अगदी समुद्र नव्हे, पण त्याच घरातलं कुणीतरी. समुद्रापासून इतकं दूर येऊन ही चव लागावी याचं मला बरं वाटलं नाही. दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतात पाणी चमकत होतं. मृगजळ असतं हे मला ठाऊक आहे, वर्गात मी ते शिकवलेलं आहे. पण ते पाणी जीपबरोबर चालत होतं, आणि यूसुफभाई तिकडे एकदाही बघत नव्हते.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. उतरायचं ठिकाण कौसल्याबाईंचं घर. यूसुफभाई दरवर्षी राख न्यायला येतात तेव्हा इथंच जेवतात, त्यांना मावशी म्हणतात. कौसल्याबाई उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला तुटक. घरात त्या आणि त्यांची सून नंदा, दोघीच. मला वाटलं मुलगा शेतात असेल. विचारणार तेवढ्यात यूसुफभाईंनी नजरेनंच नको म्हटलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. मासे नाहीत याचं दुःख मी पहिल्याच घासाला विसरले. अंबाडीचा आंबटपणा उन्हानं शिणलेल्या जिभेला असा लागतो की मी तिसऱ्यांदा वाढून घेतली. इथल्या बायका ‘मी येतो, मी करतो’ असं बोलतात. सुरुवातीला मी मागं वळून कोण पुरुष आला ते बघत होते. नंदा मला हसली. त्या घरात हसलेलं ते पहिलं माणूस.

दिवस मावळला तशी कौसल्याबाई उठल्या. कोनाड्यातून एक डबा काढला, त्यावर लुगड्याचं फडकं बांधलं आणि उंबऱ्याच्या आत, दारातल्या जमिनीवर, ती राख चाळून पसरू लागल्या. हात अगदी सारखा चालत होता. पाहता पाहता दारात पांढरी, गुळगुळीत चौकट तयार झाली. मी बाहेर हात धुवायला निघाले होते, तर नंदानं माझं मनगट धरलं आणि मागच्या दारानं नेलं.

आमच्याकडे कुणी गेलं की त्या जागी पीठ पसरून, वर टोपली पालथी घालून दिवा लावतात. सकाळी पिठावर काय उमटलं ते बघतात, आणि त्यावरून गेलेला जीव कुठं गेला ते ठरवतात. वऱ्हाडातही तेच. या गावात मात्र पिठाऐवजी नदीची राख घेतात, कारण तिच्यावर मुंगीचा पायसुद्धा दिसतो. पण हे तिसऱ्या दिवशी एकदाच करायचं असतं. कौसल्याबाई रोज करत होत्या. दोन वर्षं.

मागच्या अंगणात नंदानं मला सगळं सांगितलं. तिचा नवरा दिनेश. शेती पिकेना म्हणून गावची पोरं कुणी सुरतेला, कुणी पुण्याला गेली. दिनेश एका ओळखीच्याबरोबर कोकणात गेला आणि मासेमारीच्या बोटीवर लागला. पोहता येत नव्हतं. पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर बोट वादळात सापडली. काही जण सापडले. दिनेश सापडला नाही. प्रेत नाही, म्हणून दहन नाही, दहावं नाही. भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू म्हटलं, तर सासूनं त्यांना दारातून परत पाठवलं.

"आई म्हनते, तिसरा दिवस कोनता थे कोनी सांगतलंच नाही. म्हनून रोजच तिसरा दिवस." नंदा खाली मान घालून बोलत होती. "राखीवर काही उमटलं, त थो गेला. नाई उमटलं, त जिता हाय. रोज सकायी राख साफ असते."

मोर्शीला तिचं माहेर. संत्र्यांचा मुलूख, गोड पाण्याचा. भाऊ सुधाकर तिला न्यायला दोनदा येऊन गेला होता. तिकडे एक स्थळ होतं, पोरगी नवऱ्याची वाट पाहणारी आहे की विधवा आहे हे कळल्याशिवाय ते थांबायला तयार नव्हते. तीन दिवसांनी सुधाकर शेवटचा येणार होता. मी तिला सरळ विचारलं, तुला जायचंय का. ती म्हणाली, "मले जायचं हाय. पन आईनं जा म्हनलं पायजे. मी अशीच निंगालो, त ह्या बुढीजवळ राखच राहीन फक्त."

मग म्हणाली की रोज सकाळी सासूच्या आधी तिला जाग येते. एक बोट टेकवलं असतं तरी सुटका झाली असती. पण हात पुढं होत नाही.

त्या रात्री मला उकाड्यानं झोप लागली नाही असं मी सगळ्यांना सांगते. उकाडाही होता.

दरड

पूर्णेला पाणी नव्हतंच म्हणायचं, मध्ये एक हिरवट ओघळ. पण दोन्ही काठ ताडमाड उभे, पिवळ्या मातीचे, घळींनी चिरलेले. त्यात कमरेएवढ्या उंचीवर ती पांढरी पट्टी. मी इतकी वर्षं तिच्याविषयी वाचत होते, आणि समोर आली तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. मातीचा एक एक थर हळूहळू साचलेला दिसत होता आणि मध्येच हा एक थर एकदम आलेला. कुठल्या तरी एका दिवशी इथं आभाळातून हे पडलं होतं, आणि खाली जे काही होतं ते झाकलं गेलं होतं.

गावकऱ्यांनी पट्टी खणत खणत आत एक खोल खोबण केली आहे. दोघं वाकून बसतील एवढी. यूसुफभाई बाहेर थांबून काहीतरी पुटपुटले, मग आत शिरले. मी मागून गेले. आत थंड होतं, आणि आवाज नव्हता. शांत होतं असं नव्हे, आवाज होतच नव्हता. फावडं दिसत होतं, पण त्याचा खरखराट कानापर्यंत पोचायच्या आत कुठं तरी जात होता. मी घसा खाकरला, तर मला माझंच खाकरणं दुसऱ्या कुणाचं वाटलं. राख भुसभुशीत असते, ती आवाज पिते, यात नवल काही नाही. हे मी तिथं स्वतःला दोनदा सांगितलं. नाव कुणाचंच घेतलं नाही.

बाहेर आलो तेव्हा आमच्या दोघांच्या भुवया, पापण्या, मिशा (त्यांच्या) पांढऱ्या झाल्या होत्या. वाटेत एक म्हातारी गुरं घेऊन चालली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि गुरं वळवून दुसऱ्या बाजूनं नेली. यूसुफभाई हसले, पण पाण्याच्या डबक्याशी आधी तोंड धुतलं आणि मग हसले.

संध्याकाळी जेवताना कौसल्याबाईंनी पहिल्यांदा मला काही विचारलं. एवढी राख कशाला. मी सांगायला सुरुवात केली आणि नेहमीसारखी रंगले. समुद्रात ऊन भरपूर, पाणी भरपूर, पण मधल्या समुद्रात लोह नसतं. त्यामुळं तिथं काही उगवत नाही, म्हणजे तो पाण्यानं भरलेला असूनही उपाशी असतो. अशा ठिकाणी ज्वालामुखीची राख पडली की बारीक वनस्पती माजतात, त्यांना बारीक जीव खातात, त्यांना मासळी खाते. कधी कधी तर पाणी हिरवं झालेलं दिसतं.

नंदा म्हणाली, "म्हनजे समुद्राले बी रक्त कमी असते?" गावातल्या नर्सबाई तिला लोहाच्या गोळ्या देत होत्या. मी म्हटलं, अगदी तसंच. ती पुन्हा हसली.

कौसल्याबाई हसल्या नाहीत. हातातला घास तसाच धरून त्यांनी विचारलं, "उपाशी असल्यावर थो काय खाते?"

इतकी वर्षं मी समुद्राबद्दल बोलते आहे, पण मुलगा समुद्रात राहिलेल्या बाईसमोर पहिल्यांदाच बोलत होते, आणि हे घास तोंडात असताना माझ्या लक्षात आलं. जीभ चावावी असं झालं. त्या उठल्या, डबा काढला, फडकं बांधलं आणि दारात राख पसरली.

सकाळ

मला हाकेनं जाग आली. उजाडत होतं. कौसल्याबाई दाराशी उकिडव्या बसल्या होत्या, नंदा त्यांच्या मागं भिंतीला पाठ लावून उभी. मी गेले.

राखेवर पाऊल नव्हतं. बोट नव्हतं, मुंगी नव्हती. सगळ्या चौकटीवर लाटा होत्या. बारीक, एकामागे एक, किंचित वाकलेल्या रेघा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मी त्या लहानपणापासून रोज पाहिलेल्या आहेत. ओहोटीला पाणी मागं सरलं की ओल्या वाळूवर उरतात त्या.

दाराखाली फट होती. पहाटे वारा सुटतो. वाऱ्यानंही वाळूवर अशा रेघा येतात, हे मला शिकवायला कुणी नको. पण वाऱ्यानं राख उडते, ती एका कोपऱ्यात साचते, उंबऱ्यावर चढते. इथं एक कणही चौकटीबाहेर गेला नव्हता. मी नंदाकडे पाहिलं, आणि आज सांगते, माझ्या मनात संशय आलाच. पण तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही नव्हतं. ती घाबरलेली होती. आणि समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिला या रेघा कशा असतात ते कोण सांगणार.

"बाई," कौसल्याबाई म्हणाल्या, "ह्ये पाय नाई. ह्ये काय होय? तुमी सांगा."

खोटं बोलणं सोपं होतं. वारा म्हटलं असतं तर ते पुरतं खोटंही ठरलं नसतं. पण माझं एक वाक्य नंदाला इथंच बांधून ठेवणार होतं किंवा एका आईचा मुलगा नेणार होतं, आणि दोन्ही करायचा मला काही हक्क नव्हता. मला फक्त जे माहीत होतं ते सांगता येत होतं. मी सांगितलं की वारासुद्धा असं करतो. आणि सांगितलं की आमच्याकडे पाणी ओसरून गेलं की वाळूवर हेच राहतं.

मग त्या मला म्हणाल्या, "वारा त दोन वर्सं येऊन राह्यला." एवढंच. उठून त्यांनी चूल पेटवली. नंदा दोनदा माझ्याजवळ येऊन परत गेली. दुपारी अंगणात वावटळ उठली, पाचोळा गोल फिरवून दारापर्यंत आली आणि तिथंच बसली. कोंबड्या घरात शिरल्या. यूसुफभाई उरलेली राख भरायला दरडीवर गेले होते. त्या घरात आम्ही तिघी होतो, पण मला सारखं चौथं कुणी तरी आहे असं वाटून मी भाकऱ्या मोजल्या. मी विज्ञान शिकवते.

पुन्हा दरड

माझी दोन पोती भरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी यूसुफभाई ती जीपमध्ये चढवत असताना कौसल्याबाई तिसरं, रिकामं पोतं काखेत घेऊन आल्या आणि दरडीवर चला म्हणाल्या. यूसुफभाई काही बोलणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून गाडीत बसले.

त्या खोबणीत एकट्या शिरल्या. आम्ही बाहेर. बराच वेळ नुसतं फावडं हलताना दिसत होतं. मग त्या थांबल्या आणि मुलाचं नाव घेतलं. मोठ्यानं, आई अंगणातून हाक मारते तशी. "दिन्या." मी दोन हातांवर होते, आणि मला ते जेमतेम ऐकू आलं. यूसुफभाईंनी डोळे मिटले. आतून परत काही आलं नाही. तिथं आत शिरलेला कुठलाही आवाज परत येत नाही, हे मला दोन दिवसांपूर्वीच माहीत झालं होतं, तरी मी वाट पाहिली. मला वाटतं, त्यांनीही पाहिली.

पोतं ओढत त्या बाहेर आल्या. अंगभर पांढऱ्या. डोळे तेवढे काळे. पोत्याचं तोंड त्यांनी स्वतः बांधलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"दोन वर्सं त्यानं समुद्राले खाऊ घातलं, बाई. आता ह्ये घाला. आन म्हना, याच्यानं पोट भर. माह्या लेकाले सोड."

मला रडू आलं. त्यांना नाही. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, आणि पदराला राख असल्यामुळं मी जास्तच पांढरी झाले.

त्या पोत्याचं काय केलं ते इथंच सांगून टाकते, नाही तर राहून जाईल. माझ्या चंबूंमधलं पाणी पुढं हिरवट झालं. जुनी राख अजून खाऊ घालते, एवढं नक्की. किती आणि का, ते लिहायची जागा वेगळी आहे. तिसरं पोतं मात्र मी प्रयोगशाळेत नेलंच नाही. ओळखीच्या एका तांडेलाच्या होडीतून बंदराबाहेर गेले आणि ते समुद्रात सोडलं. राख लगेच बुडत नाही. पांढरा ढग होडीच्या बाजूनं बराच लांबवर पसरला, आणि मग तो आमच्याबरोबर चालू लागला, आम्ही वल्ही थांबवली तरी. तांडेलानं हात जोडले. सांगितलं होतं ते मी म्हटलं. शिकलेल्या बाईनं समुद्राशी बोलायचं म्हणजे लाज वाटते, पण मी शब्द न गाळता म्हटलं. त्याच्यानंतर तो ढग खाली गेला.

निघताना

दरडीवरून परतलो तर सुधाकर येऊन बसला होता. मोर्शीहून आणलेली संत्री त्यानं ओट्यावर ठेवली होती, उन्हाळ्यातली, लहानखुरी. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो भांडायच्या तयारीनं आलाय आणि त्याला भांडायचं नाही. त्यानं बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात कौसल्याबाई आत गेल्या आणि नंदाची पेटी घेऊन बाहेर आल्या. पेटी भरलेली होती. कधी भरली कुणास ठाऊक. वर तिचं लग्नातलं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं.

नंदा कोपऱ्यात उभी राहून रडत होती. आई मी नाही जात, असं ती म्हणाली. तिला जायचं होतं हे मला माहीत होतं, आणि ती खोटं बोलत नव्हती हेही दिसत होतं. कौसल्याबाईंनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी कोनाड्यातला डबा घेतला, फडकं बांधलं आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, दारात राख चाळली. नेहमीसारखी, सारख्या हातानं. सुधाकर उभा राहिला. यूसुफभाई अंगणातून दोन पावलं मागं गेले. मला वाटलं, म्हातारीचं मन पुन्हा फिरलं.

डबा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "चाल. याच्यावरून जा."

नंदा हलेना. सासूनं तिच्या पाठीला हात लावला, ढकललं नाही, नुसता लावला. मग नंदानं पदर आवरला, अनवाणी पाऊल राखेवर ठेवलं, दुसरं ठेवलं आणि उंबऱ्याबाहेर गेली. मागं वळून पाहिलं नाही. सुधाकरनं पेटी उचलली. अंगणातल्या उन्हात तिची पांढरी पावलं फाटकापर्यंत उमटत गेली, एकेक फिकट होत.

कौसल्याबाई दाराशी उकिडव्या बसल्या होत्या, आदल्या सकाळी बसल्या होत्या तशाच. राखेवर दोन पाय होते. टाचा, अंगठे, डाव्या करंगळीचं वाकडेपण, सगळं स्पष्ट. बाहेरच्या दिशेनं.

"जिता मानूस गेला म्हनजे असा पाय उमटते," त्या म्हणाल्या. "मले माहीतच नोतं."

मी त्यांच्याजवळ बसले. मला निघायचं होतं, अकोल्याची गाडी गाठायची होती, यूसुफभाई जीप सुरू करून थांबले होते. त्या पायांना हात न लावता त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, बाई, तुमी मांगून जा. मी चप्पल हातात घेतली आणि मागच्या दारानं बाहेर पडले.